हॉट प्रेससमोरची खुर्ची

जानेवारीतल्या त्या सकाळी आमच्या घरात बॉयलर होता, गॅस होता, वीज होती, इंटरनेट होतं, पाच आठवडे विचार करून निवडलेला रिमोट कंट्रोल होता आणि नळाला येणारं पाणी गार होतं.

घर आयर्लंडमधल्या ड्रोहेडातलं. दोन मजली, शेजारच्या घराला पाठ चिकटवून उभं असलेलं. घरात माणसं चार. माझी बायको मेधा, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मुलगी ईरा, वय वर्षं दहा. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत आणि तेही ड्रोहेडाच्या हेलात. माझे सासरे नाना, अमरावतीचे, वीजखात्यातून निवृत्त. सासूबाई गेल्यापासून एकटे असतात, म्हणून २०२०च्या फेब्रुवारीत 'दोन महिने राहून जातो जी' असं म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे वर्ष होत आलं तरी इथेच होते. चौथा मी. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर अठरा वर्षं बातम्या कापल्या; आता घरी बसून एका कंपनीसाठी भाषांतरं तपासतो. नेमकेपणा हा माझा धंदा आहे. हे सांगितलं ते एवढ्यासाठी की पुढचा सगळा घोटाळा नेमकेपणामुळेच वाढला.

त्या हिवाळ्यात मेधाला रात्रपाळ्या होत्या आणि हॉस्पिटलातून आलेल्या माणसाने घरात कसं यायचं याचा आमच्याकडे नियम होता. मागच्या दाराने यायचं, कपडे थेट मशीनमध्ये, कशालाही हात न लावता वर बाथरूममध्ये. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय ईराला जवळ घ्यायचं नाही. ईरा जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून राहायची. बाथरूमचं दार उघडलं की झेप! थंड पाण्याने डोकं धुणं आयर्लंडच्या जानेवारीत कोणाला जमत नाही आणि टाकीतलं पाणी तापायला पाऊण तास लागतो. पाणी गार असलं की दाराच्या आत आई, दाराबाहेर मुलगी आणि मधे पाऊण तास. त्यामुळे गरम पाणी ही आमच्याकडे चैन नव्हती. आई मुलीला केव्हा मिळणार, ते पाण्यावर ठरायचं.

बॉयलर स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये आहे. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात. माझी अठरा वर्षं वेगळ्या प्रेसमध्ये गेली, त्यामुळे हे अजून पचलेलं नाही.) पाण्याची टाकी वरच्या मजल्यावर, बाथरूमला लागून असलेल्या कपाटात. त्याला म्हणायचं हॉट प्रेस. टाकीच्या उबेवर तिथे टॉवेल वाळतात, चादरी गरम राहतात आणि आमच्याकडे इडलीचं पीठही तिथेच फुगतं. या कपाटाच्या बाहेर, बाथरूममधून निघताना बरोबर उजव्या हाताला येईल असा एक स्विच होता, लाल दिव्याचा. टाकीत विजेवर पाणी तापवायची एक कांडी असते, तिचा. कांडीला इथे इमर्शन म्हणतात. बॉयलर रुसला की आम्ही कांडी वापरायचो. अंघोळीला जाण्याआधी लावायची, बाहेर येताना बंद करायची. तीन वर्षं हा शिरस्ता होता.

बॉयलरला चालू-बंद करायचं ते चकतीच्या जुन्या टायमरने. त्यावर लहान लहान खुंट्या. पण मेधाची पाळी कधी आठला संपायची, कधी पावणेदहाला. खुंटीला ते कुठून कळणार?

"मला एकच गोष्ट हवी आहे," मेधा म्हणाली. "हॉस्पिटलच्या पार्किंगमधून मी फोनवर बटण दाबलं की घरी पाणी तापायला लागलं पाहिजे. घरी पोचेपर्यंत गरम. बास."

"बघतो," मी म्हणालो.

बघायला पाच आठवडे लागले! मी तक्ता केला. तीन कंट्रोल, अकरा रकाने. पहिला दिसायला चकलीच्या सोऱ्यासारखा आणि घरातली माणसं कोणत्या खोलीत आहेत ते ओळखणारा. दुसरा तोंडी हुकूम ऐकणारा. तिसऱ्याला काहीच येत नव्हतं. फोनवरून बटण दाबलं की पाणी तापवायचा, एवढंच. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सल्ला मागितला. पहिल्या दिवशी शेहेचाळीस मेसेज आले. लिमरिकच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने अभिमानाने कळवलं की त्याच्या घरात आता भिंतीवर स्विचच नाहीत.

"वायफाय गेलं की काय करता?" मी विचारलं.

"मेणबत्ती," तो म्हणाला.

पाचव्या आठवड्यात मेधाने तक्त्यावर एक नजर टाकली आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा फक्त पाणी तापवतो ना? मग हाच. रेडिएटर राहू देत जुन्या टायमरवर." एकूण वेळ, चार सेकंद.

तो बसवायला डेक्लन आला. पन्नाशीचा, तोंडावर मास्क, हातात गोणपाटाची पिशवी. निर्बंध कडक होते, पण डॉक्टरच्या घरात गरम पाणी हे अत्यावश्यक काम, असा निवाडा त्याने स्वतःच दिला. टायमरच्या तारा, हॉट प्रेसमधल्या तारा, सगळं पाहून तो म्हणाला, "ग्रँड." (इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. 'चालतंय की' एवढाच त्याचा अर्थ. पुढेमागे छत उडालं तरी ग्रँडच.)

टाकीतली कांडी गंजून गेली होती. डेक्लनने तिची तार तोडली आणि जुन्या स्विचच्या जागी नव्या कंट्रोलचा स्विच बसवला. जागा तीच, चौकोन तोच, लाल दिवाही तसाच.

"हा मात्र कधीच बंद करायचा नाही," त्याने बजावलं. "हा बंद झाला की कंट्रोल मेला. फोनवरून काही होणार नाही."

नाना सहा फुटांवर, मफलर बांधून, देखरेखीला उभे होते. चौतीस वर्षं वीजखात्यात काढलेला माणूस. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की आधी तो विझवणार. टीव्ही, टोस्टर, मोबाइलचे चार्जर, सगळ्यांची बटणं ते दिवसातून तीनदा बंद करत हिंडत.

"काय म्हणून राहिला हा?" त्यांनी ईराला विचारलं.

"ही सेज नेव्हर टर्न इट ऑफ, आजोबा."

"कधीच नाही?" नानांचा आवाज दुखावला होता. "लाल दिवा रात्रंदिवस जळत राहीन?"

ईराने हे डेक्लनला सांगितलं. डेक्लनने हातातला पेचकस खाली ठेवला. त्याची आई म्हणे रविवारी चर्चला निघाली की अर्ध्या रस्त्यातून गाडी मागे वळवायची. इमर्शन बंद केलं का ते पाहायला. एकदा लग्नातून परत आली. तिच्या स्वतःच्या बहिणीच्या!

नानांना हे समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हा तं आपलाच माणूस आहे जी! आमच्या अमरावतीत गीझर बंद केला का म्हणून बायका एस्टीतून उतरतात."

दोन देशांचं एका धास्तीवर एकमत झालेलं पाहून मला मौज वाटली. मी दोघांनाही ऐकवलं की हा सगळा मनाचा खेळ आहे. मलाही लहानपणी आई रोज विचारायची, गीझर बंद केलास का म्हणून. पण माणूस शिकतो, बदलतो. मला असली काही सवय उरलेली नाही.

मेधाने गाडीत बसून चाचणी घेतली. बटण दाबलं, बॉयलर घुरघुरला. टाळ्या झाल्या. दुसऱ्या रात्रीपासून तिच्या पाळ्या सुरू झाल्या.

पहिली सकाळ. साडेसहा ते साडेसात कंट्रोलने आपणहून पाणी तापवलं, कारण तसं ठरवून दिलं होतं. त्यात ईराची अंघोळ झाली, माझी झाली. आठ चाळीसला मेधाचा मेसेज आला. "ऑफलाइन दाखवतंय."

मी वायफायचा डबा बंद करून परत लावला. वरून किंकाळी आली. "बाबा! आय वॉज इन क्लास!" शाळा त्या महिन्यात घरूनच ऑनलाइन होती. डबा परत जिवंत व्हायला चार मिनिटं लागली. मेधा सव्वानऊला आली. पाणी गार.

बाथरूमच्या बंद दाराबाहेर ईरा पायरीवर बसली. आतून मेधाने विचारलं, "काय शिकलीस आज?"

"नथिंग. बाबा किक्ड मी आउट."

नऊ पन्नासला कंट्रोल अचानक जिवंत झाला! आपोआप! मी वायफायच्या डब्याला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी तेच. या वेळी मी पासवर्ड बदलला, ॲप काढून पुन्हा टाकलं आणि कंपनीच्या मदतकक्षाशी गप्पा मारल्या. मदतकक्ष म्हणजे एक यंत्र होतं. त्याने मला विचारलं, आपण माणूस आहात का? मी त्याला तोच प्रश्न विचारला. तेवढ्यात वर कंट्रोल पुन्हा आपोआप सुरू झाला आणि यंत्राने माझे आभार मानले. मेधा तोपर्यंत बाथरूममध्ये टबाच्या कडेवर बसून, अंगाला पंचा गुंडाळून पेंगत होती.

"सुहास," दाराआडून ती म्हणाली, "बटण दाबलं की पाणी तापलं पाहिजे. एवढंच मागितलं होतं मी."

डेक्लनला फोन लावला. तो म्हणाला, "स्विच बघ." मी म्हणालो, स्विचला कोण हात लावणार? तो म्हणाला, "तरी बघ."

तिसऱ्या दिवशी नऊ वाजता मेसेज येताच मी थेट जिन्यावर धावलो. हॉट प्रेससमोर नाना उभे होते. त्यांचं बोट स्विचवर होतं.

"नाना!"

ते दचकले. "अजी, मी तं..."

"एक मिनिट. आधी माझं ऐका." आणि मी त्यांना ऐकवलं. रिमोट कंट्रोल म्हणजे काय, वीज किती नगण्य लागते, मेधा किती दमून येते, ईरा कशी पायरीवर बसते. घरातल्या ज्येष्ठांनी नव्या काळाशी जुळवून घेणं कसं गरजेचं आहे, हेही सांगितलं. आवाज चढवला नाही. (मी आवाज चढवत नाही. डेस्कवर माणसं याच गोष्टीला जास्त घाबरायची.)

नाना पूर्ण वेळ मफलरचं टोक चाळवत ऐकत होते. "बरं जी," ते शेवटी म्हणाले आणि खाली गेले. दुपारी जेवताना त्यांनी कढी दुसऱ्यांदा घेतली नाही.

बातमीत दोन्ही बाजू घ्याव्यात, हे मी अठरा वर्षं नवशिक्यांना शिकवलं होतं. पण माणूस रंगेहाथ सापडल्यावर दुसरी बाजू कशाला लागते?

"नाना असं करणार नाहीत," मेधा म्हणाली. "एकदा सांगितलं की ऐकतात ते."

"मी डोळ्यांनी पाहिलं."

"विचारलंस त्यांना?"

"सांगितलं त्यांना."

मेधाने माझ्याकडे पाहिलं, मग जांभई दिली आणि झोपायला गेली.

मी दोन उपाय केले. पहिला, स्विचच्या वर छापील सूचना चिकटवली. 'हा स्विच कोणीही, कोणत्याही कारणाने बंद करू नये.' टंक सुबक, समास सारखे. दुसरा, जिन्यातल्या मेजावर नोंदवही ठेवली. साडेसहापासून साडेनऊपर्यंत कोण, कुठे, किती वाजता, सगळं टिपायचं. मतं नाहीत, विशेषणं नाहीत. पहिल्या पानाचा नमुना देतो.

'६.५५ नाना उठले. ७.०५ ईरा बाथरूममध्ये. ७.१८ ईरा बाहेर. ७.२५ नानांनी खालून खुर्ची वर आणली. हॉट प्रेससमोर ठेवली. ७.२८ नाना खुर्चीत बसले. कारण विचारता म्हणाले, "इथं ऊन येते जी." सूर्योदय ८.३५.'

खुर्चीचा प्रकार मला संशयास्पद वाटला. पण त्या दिवशी मेधाने पार्किंगमधून बटण दाबलं आणि कंट्रोल जागा होता! सव्वानऊला ती आली. नऊ तीसला बाथरूमचं दार उघडलं, वाफेचा लोट बाहेर आला आणि ईरा पायरीवरून अशी उडाली की दोघी हॉट प्रेसच्या दारावर आदळल्या. आत इडलीचं पीठ सांडलं. ते मीच पुसलं.

दुसऱ्या दिवशी पाणी गरम. तिसऱ्या दिवशी गरम. आठवडाभर गरम! निष्कर्ष उघड होता. नजर ठेवली की माणूस सुधारतो.

नाना मात्र रोज साडेसातला खुर्ची घेऊन बसायचे. मफलर, कानटोपी, हातात मोबाइलवर अमरावतीचा पेपर. मी अंघोळ करून, डोक्यावर टॉवेल, चष्मा हातात, असा बाहेर यायचो आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलायचो. माणसाला अगदीच अपराधी वाटू नये म्हणून.

"काय नाना, आज हात लावला नाही ना?"

"नाई जी."

"बघा, जमतं की नाही? सवय ही अशीच मोडायची असते. मनाचा निश्चय पाहिजे."

"बरोबर आहे तुमचं."

बोलताना ते माझ्या तोंडाकडे पाहायचे नाहीत, हाताकडे पाहायचे. वयोमानाने लक्ष भरकटतं, अशी मी वहीत नोंद केली. (विशेषण नव्हतं. निरीक्षण होतं.)

या यशावर मी ग्रुपवर एक टिपण टाकलं. शीर्षक, 'घरातले ज्येष्ठ आणि स्मार्ट उपकरणं: एक अनुभव'. सहाशे शब्द. नानांचं नाव घेतलं नाही, 'एक जवळचे नातेवाईक' असं लिहिलं. तेवीस अंगठे आले. लिमरिकचा मेणबत्तीवाला म्हणाला, "सर, डोळ्यांत पाणी आलं." डंडॉकच्या एका बाईंनी ते आपल्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मार्चमध्ये नानांना तिकीट मिळालं. विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते, म्हणून निरोप बाहेर फुटपाथवर झाला. मेधा रडली. ईरा रडली. नानांनी ईराच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्याकडे वळले. जरा घुटमळले.

"जावईबापू, एक सांगू का जी? राग नका मानू."

"सांगा ना."

"अंघोळ झाली का हात टॉवेलातच ठेवत जा. दोन्ही."

"थंडीसाठी?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "हो. थंडीसाठी."

वडीलधारं माणूस जाता जाता आपल्या हातांची काळजी करतं, म्हणून मी त्यांना तिथेच वाकून नमस्कार केला.

दोन दिवसांनी मेधाची पुन्हा रात्रपाळी. त्या पाळीनंतरच्या पहिल्याच सकाळी, आठ बेचाळीसला मेसेज. "ऑफलाइन."

मी जिन्यावर धावलो. स्विच बंद होता.

इथे परिस्थिती नमूद केली पाहिजे. आरोपी अमरावतीत. घरात मी आणि ईरा. ईराला विचारलं तर तिने चार शब्दांत शपथ घेतली, त्यातला एक शब्द मी लिहू शकत नाही. डेक्लनला फोन केला. त्याने विचारलं, स्विच बघितलास का? मी म्हणालो, बघितला, आपोआप बंद होतो. तो म्हणाला, स्विच आपोआप बंद होत नाही. मी म्हणालो, आमचा होतो! मी त्याला सदोष स्विच बसवल्याबद्दल दोन गोष्टी सुनावल्या. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ग्रँड." या वेळी 'चालतंय की' असा अर्थ नव्हता.

मेधा आली. पाणी गार. ईरा पायरीवर बसली. दाराच्या आतून मेधा म्हणाली, "फोन दे. नानांना लावते."

मी दाराच्या फटीतून फोन आत सरकवला. तिने स्पीकर लावला. अमरावतीत तीन वाजत आले होते.

"नाना, एक खरं सांगा. तो लाल दिव्याचा स्विच तुम्ही बंद करत होता का?"

"नाई, माय. मी कायले बंद करू? मी तं चालू करत होतो."

"चालू?"

"रोज. सात छत्तीस, सात सदतीसले. खुर्ची टाकून बसायचो. बंद झाला का लगेच चालू. दोन मिनिटात कंट्रोलवर हिरवा दिवा यायचा. तू यायच्या आत काम झालेलं."

 

"मग बंद कोण करत होतं?" मेधाने विचारलं.

फोनमधून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"नाना?"

"आता ते मी कसं सांगू, माय?" नाना अखेर म्हणाले. "जावई आहेत ते."

आमच्याकडे जावयाला नावं ठेवत नाहीत, त्याच्या घरी राहत असताना तर नाहीच. एवढ्या एका रिवाजापायी हा माणूस दोन महिने अंधाऱ्या जिन्यात उन्हाला बसला होता. माझं व्याख्यान ऐकून दुसऱ्यांदा कढी न घेता उठला होता. तेवीस अंगठे त्यानेही पाहिले होते. ईराने त्याला माझ्या फोनवर ते टिपण दाखवलं होतं, हे मला नंतर समजलं.

"अशक्य!" मी दाराबाहेरून म्हणालो. "माझ्याकडे नोंदी आहेत."

"आण," मेधा म्हणाली.

मी वही फटीतून सरकवली. मेधाचं अर्धं आयुष्य तक्ते वाचण्यात गेलं आहे; रुग्णाची रात्र कशी गेली ते ती एका कागदावरून सांगते. आत पानं उलटल्याचा आवाज आला. मग हसण्याचा. आधी बारीक, मग मोठा. फोनमधून अमरावतीही सामील झाली.

"सुहास, यात ईरा आहे. नाना आहेत. पोस्टमन आहे. शेजारचं मांजर आहे, दोनदा."

"बरोबर. नेमकं आहे."

"तू कुठे आहेस?"

"मी नोंद घेत होतो!"

"सात तीस ते सात चाळीस रोज कोरं आहे. दोन महिने. त्या वेळात कोण अंघोळ करतं?"

पायरीवरून ईरा म्हणाली, "ओह, बाबा." त्या दोन शब्दांत जेवढी कणव होती तेवढी मी आजवर एका अग्रलेखात वाचलेली नाही.

तरी मी हार मानली नाही. पुरावा प्रत्यक्ष हवा. दुसऱ्या दिवशी मेधाला सुट्टी होती. ती नानांच्या खुर्चीत चहा घेऊन बसली. मी निश्चय करून अंघोळीला गेलो, निश्चय करून अंग पुसलं, हात लक्षात ठेवून बाहेर आलो आणि तिला म्हणालो, "बघ, काही केलं का मी? उगाच एका माणसावर..."

टक.

मेधाने चहाचा घोट घेतला. "झालं?" तिने विचारलं.

मी हाताकडे पाहिलं. तो स्विचवर होता, माझ्या स्वतःच्या सूचनेच्या बरोबर खाली. चेहऱ्यावर कोणताही भाव नसलेला हात. आईने पुण्यात लावलेली शिस्त त्याने तेवढी लक्षात ठेवली होती. बाकी मी सांगितलेलं त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

डेक्लनची माफी मागितली. तो म्हणाला, त्याच्या आईने सत्तराव्या वर्षी हेच केलं होतं. (मी त्रेचाळीसचा आहे.) स्विचवर झाकण बसवून देऊ का, असंही त्याने विचारलं, पण तेवढ्यात नानांनी अमरावतीहून वेगळी व्यवस्था लावली होती.

आता रोज सकाळी बरोबर सात पस्तीसला, मी बाथरूमचं दार उघडतो तेव्हा, जिन्यात ठेवलेला फोन वाजतो. नाना जेवण आटोपून, हात धुऊन बसलेले असतात. "जावईबापू," ते म्हणतात, "हात जी." मी हात टॉवेलात घेतो. मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे गेली, तेव्हा नानांनी आपलं जेवण तासभर अलीकडे आणलं.

तो अकरा रकान्यांचा जुना तक्ता मी अजून ठेवला आहे. त्यात चौथा कंट्रोल जोडला. मूळ गाव अमरावती. टप्पा साडेसात हजार किलोमीटर. पासवर्ड नाही, अपडेट नाही, ॲप नाही. आजवर एकदाही ऑफलाइन गेलेला नाही. दोष या रकान्यात मात्र मी नेमकेपणाने लिहिलं आहे: 'सोबत येणारा जावई सदोष. बदलून मिळत नाही.'